निरोगी माणसांचा वॉर्ड

वजनकाट्यावर चढायची तिची पाळी आली, तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “किल्ल्या हव्यात का?”

तिने वळून पाहिलं. मागे एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. हातात किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की एखाद्या कारखान्याचं प्रत्येक दार त्याच्याच हवाली असावं.

“कशाला?”

“खिशात टाका. तुमचं वजन कमी भरणार, बघूनच कळतंय. कमी भरलं की घरी पाठवतात. सिस्टर खिसे बघत नाहीत.”

“म्हणजे खोटं बोलून आत जायचं?”

“खोटं काय त्यात? किल्ल्या खऱ्या आहेत.”

तिला हसू आलं, पण तिने ते दिसू दिलं नाही. “नको. भरलं तर भरलं, नाहीतर गेले घरी.”

ती काट्यावर चढली. काटा थरथरला, मागे गेला, पुढे आला आणि हव्या त्या रेघेच्या जेमतेम पलीकडे जाऊन थांबला.

“काठावर पास,” सिस्टर म्हणाल्या.

ती खाली उतरली, तेव्हा तो जुडगा खिशात घालत होता. “पहिलीच वेळ ना?”

“कशावरून?”

“काठावर पास झाल्याचा एवढा आनंद जुन्या माणसाला होत नाही.”

ही इमारत बाहेरून विमा कंपनीच्या कचेरीसारखी दिसायची आणि आतून हॉस्पिटलसारखी. फरक इतकाच, की इथे आजारी माणसाला प्रवेश नव्हता. साधी सर्दी असली तरी दारातूनच परत पाठवत. बाजारात अजून न आलेली औषधं पहिल्यांदा माणसाच्या पोटात जातात ती अशा ठिकाणी. आणि ती जातात ज्यांना काहीही झालेलं नाही अशा माणसांच्या पोटात.

या वेळची गोळी अर्धशिशीवरची होती. डॉक्टर बाईंनी सगळ्यांना समोर बसवून समजावलं. प्रत्येकाने ती दोनदा घ्यायची, एकदा रिकाम्या पोटी आणि एकदा भरपेट, तुपकट नाश्त्यानंतर. दोन्ही वेळा दिवसभर रक्त काढायचं आणि गोळी रक्तात किती उतरते ते बघायचं. मधले काही दिवस पहिली गोळी अंगातून पूर्ण निघून जाईपर्यंत इथेच राहायचं. समजावून झाल्यावर त्यांनी एकेकाला ते आपल्या शब्दांत परत सांगायला लावलं. “आणि नको वाटलं तर कधीही उठून जा,” त्या म्हणाल्या. “कुणी का म्हणून विचारणार नाही. पण राहिलात तर नियम पाळायचे. दिलेलं सगळं खायचं, आणि उपास म्हटलं की पाण्याव्यतिरिक्त काही नाही.”

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. नियम पाळणं तिला नवीन नव्हतं. काच केसभर जास्त घासली गेली की ती फ्रेममध्ये खुळखुळते, आणि मग गिऱ्हाईक मालकाशी भांडतं, मालक तिच्याशी.

किल्लीवाला लिफ्ट दुरुस्त करायचा. इथे तो सातव्यांदा आला होता. सगळे त्याला ‘लिफ्ट’ म्हणत, सिस्टरसुद्धा.

झोपायच्या खोल्या बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. संध्याकाळी मात्र सगळे बसायच्या खोलीत जमत. तिथे एक टीव्ही होता, ज्याचा आवाज कुणालाच वाढवता यायचा नाही, आणि पत्त्यांचा एक जोड, ज्यात बदामाची राणी नव्हती. पहिल्याच संध्याकाळी पत्ते पिसता पिसता विषय निघाला, की कोण कशासाठी आलंय.

“मी झोपायला येतो,” एक प्राथमिक शाळेतला शिक्षक म्हणाला. त्याला सगळे मास्तर म्हणत. “घरी जुळी आहेत, दीड वर्षाची. बायकोला सांगितलंय, विज्ञानासाठी जातोय.”

“आणि वहिनी ऐकून घेतात?”

“म्हणते, पुढच्या वेळी विज्ञानासाठी मी जाते, तू जुळी सांभाळ.”

दुसरा व्यायामशाळेत शिकवायचा; त्याचं नाव आपोआपच पैलवान पडलं होतं. “मला फुकटात सगळं तपासून मिळतं,” तो म्हणाला. “हृदय, रक्त, साखर. रिपोर्ट आईच्या हातात ठेवला की ती पुढचे काही दिवस जेवणावरून बोलत नाही.”

“मी पैशासाठी,” लिफ्ट म्हणाला. “आणि तुम्हीही. बाकीची कारणं पैसे खिशात पडल्यावर सुचतात.”

रागावण्यासारखं होतं, पण खोटं नव्हतं.

“आणि तुम्ही?” त्याने तिच्याकडे मोर्चा वळवला. “तुम्ही तर किल्ल्यासुद्धा घेतल्या नाहीत. समाजसेवा?”

“माझ्या आईला आकडी यायची,” ती म्हणाली. “स्वयंपाक करताना, रस्ता ओलांडताना... कधीही. शाळेतून आले की मी आधी दाराबाहेर उभी राहून कान द्यायचे. आत भांड्यांचा आवाज येत असला म्हणजे आई उभी आहे. मग एक गोळी मिळाली. ती सुरू झाल्यापासून आकडी नाही.”

“बरं झालं की.”

“त्या गोळीच्या डबीत एक कागद असतो, मुंगीएवढ्या अक्षरांचा. ‘जेवणानंतरच घ्यावी. निरोगी व्यक्तींना देऊन पाहिले असता असे आढळले’ वगैरे. मी तो आईला वाचून दाखवत होते. ती म्हणाली, कोण गं ही निरोगी माणसं? बरी होती, तर औषधं कशाला खात बसली?”

मास्तर मोठ्याने हसला.

“मला उत्तर देता आलं नाही,” ती म्हणाली. “म्हणून बघायला आले. पैसेही लागतातच, ते मी नाही म्हणत नाही.”

लिफ्ट हसला नाही. तो पत्ते पिसतच राहिला, इतका वेळ, की शेवटी पैलवानाने ते त्याच्या हातातून काढून घेतले.

पहिल्या गोळीच्या दिवशी तिची पाळी उपासाची होती आणि त्याची नाश्त्याची. औषधाच्या दिवशी सगळ्यांना एका मोठ्या हॉलमध्ये, ओळीने मांडलेल्या पलंगांवर बसवत. तिच्या शेजारचा पलंग त्याचा होता. आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि समोरून ट्रे यायला लागले... लोण्यात तळलेली अंडी, खरपूस बटाटे, जाड लोणी थापलेला भाजका ब्रेड, सायीचं दूध. वासाने तिच्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांनाही.

लिफ्टने आपला ट्रे उचलला, पलंगावरच सरळ उलटा फिरला आणि तिच्याकडे पाठ करून खायला लागला.

“अहो लिफ्ट, तोंड इकडे,” सिस्टर म्हणाल्या. “सगळं संपवताय ते मला दिसायला हवं.”

“मग तुम्ही या ना इकडे. इकडून खिडकीही दिसते.”

सिस्टर पुटपुटत पलंगाला वळसा घालून गेल्या. तो खात होता, पण ब्रेड मोडल्याचासुद्धा आवाज येत नव्हता. तिला दिसत होती फक्त त्याची पाठ. किडकिडीत, ताठ, आणि इतकी जपून बसलेली, की तिला एकदम त्या पाठीची माया वाटली.

गोळी घेऊन झाल्यावरही तिचा उपास सुटणार नव्हता. हातात सुई बसवलेली, डोकं ठणकायला लागलेलं. शेजारी तो, गोळीनंतर डॉक्टरांनी आडवं राहायला सांगितलं म्हणून छताकडे बघत पडलेला.

“लिफ्ट अडकली की माणसं आधी काय करतात, माहितीये?” त्याने छतालाच विचारलं.

“ओरडतात?”

“नाही. आरशात बघून केस नीट करतात. वाटतं, आता कुणीतरी येईल आणि आपण बरे दिसायला हवं. मग दुसऱ्यांदा बटण दाबतात. मग ओरडतात.”

“आणि तुम्ही आलात की?”

“आलो की शिव्या देतात. जणू मीच आत कोंडलं होतं.” तो थोडा थांबला. “फार भूक लागलीये का तुला?”

तिने मान वळवली. “तुला?”

“चुकून गेलं.”

“मग परत घ्या.”

“परत कसं घेणार... रक्तासारखं आहे ते. एकदा काढलं की काढलं.”

ती पुन्हा छताकडे बघायला लागली. “राहू दे मग,” ती म्हणाली. डोकं अजून ठणकत होतं, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

मधले दिवस रिकामे होते. बाहेर जायची परवानगी नाही, चहा-कॉफी बंद, काम काही नाही. बाहेर पाऊस असला की सगळे खिडकीपाशी उभे राहून इतरांना भिजताना बघत. दोघं कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत. पलीकडून मास्तर पुस्तकाआडून बघत असे आणि बघत नसल्यासारखं पान उलटत असे.

तिने एकदा त्याला भिंतीपाशी उभं केलं आणि पलीकडच्या भिंतीवरची, आग लागली तर काय करावं याची पाटी वाचायला लावली. त्याने ती घडाघडा वाचली.

“पाठ आहे तुला.”

“सात वेळा आलोय. मला इथला प्रत्येक कागद पाठ आहे.”

“तुझा डावा डोळा बारीक होतो लांबचं बघताना. नंबर आहे.”

“तू माझ्या डोळ्यांकडे बघतेस?”

“धंदा आहे माझा,” ती म्हणाली, आणि उगाचच स्वतःचा चष्मा काढून पुसायला लागली.

एका दुपारी त्याने आपल्या पैशाचंही सांगितलं. त्याचे उस्ताद थकले होते. त्यांचं छोटं वर्कशॉप ते कुणाला तरी देऊन टाकणार होते आणि त्यांच्या मनात तोच होता, मात्र फुकट द्यायची त्यांची ऐपत नव्हती. इतकी वर्षं तो यासाठीच इथे येत राहिला होता. या वेळचे आणि पुढच्या एका खेपेचे मिळाले की भागणार होतं.

“आणि दुसरं म्हणजे, घरी मी पुतण्यांच्या मधे झोपतो,” तो म्हणाला. “दोघंही लाथा मारतात. इथे अख्खा पलंग मिळतो.”

“म्हणजे मास्तरसारखंच.”

“मास्तरला सांगू नकोस. मी त्याला फार हसलोय.”

दुसऱ्या गोळीच्या दिवशी पाळ्या उलट झाल्या. नाश्ता तिचा, उपास त्याचा.

ट्रे तिच्या मांडीवर आला तेव्हा तो शेजारी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसला होता. तिने त्याच्यासारखी पाठ फिरवायचा प्रयत्न केला, पण तिच्या बाजूला सुईची नळी आडवी येत होती. ती तशीच, त्याच्या समोर खायला लागली. उपासाचा तो दिवस तिला पोटापासून आठवत होता. आपण त्याच्यासमोर बसून लोण्याचा ब्रेड खातोय, हे तिला इतकं ओशाळवाणं वाटलं, की पहिला घास तोंडातच फिरत राहिला.

तेवढ्यात पलीकडे पैलवानाच्या हातून दुधाचा ग्लास निसटला. सिस्टर “अहो, सांडलंत किती ते सांगा आधी!” म्हणत तिकडे धावल्या.

ती काही ठरवून वागली असं म्हणता येणार नाही. तिने ब्रेडमध्ये अर्धं अंडं घातलं, घडी केली आणि दोन पलंगांच्या मधून हात पुढे केला.

त्याने ब्रेडकडे पाहिलं. मग तिच्याकडे. बराच वेळ पाहिलं, किंवा तिला तसं वाटलं.

“घे ना,” ती कुजबुजली. “पटकन.”

त्याने घेतला. दोन-तीन घासांत संपवला आणि बोटं चादरीला पुसली. सिस्टर परत आल्या तेव्हा तिचा ट्रे रिकामा होता आणि तो हाताची घडी घालून भिंतीला टेकलेला होता. सिस्टरनी ट्रे पाहिला, “शाब्बास” म्हटलं आणि दोघांना गोळ्या दिल्या.

पहिलं रक्त काढलं जाईपर्यंत ती खुशीत होती.

मग सिस्टर त्याच्या पलंगापाशी आल्या, नळीतून रक्त काढून कुपीत भरलं, कुपीवर चिठ्ठी चिकटवली, ‘उपाशी’. ती चिठ्ठी तिने दोनदा वाचली. थोड्या वेळाने पुन्हा कुपी, पुन्हा चिठ्ठी. तो निमूटपणे हात पुढे करत होता आणि प्रत्येक कुपीत तिचा ब्रेड जात होता. आईच्या डबीतल्या त्या कागदावरची एक ओळ कुणीतरी खरंच उपाशी राहून लिहिली होती, म्हणून तर आई चुलीपाशी उभी राहू शकत होती. आणि तिने काय केलं होतं?

दुपार व्हायच्या सुमारास लिफ्ट उठून हात धुवायला गेला. उपासवाल्यांना थोडं हिंडायची मुभा होती. तुपकट अन्नाबरोबर गोळी रक्तात जास्त उतरते, उपाशीपोटी ती चढत नाही, असा अंदाज होता. नाश्तावाल्यांनी मात्र आडवंच राहायचं होतं. तिने आडव्या आडव्या पाहिलं, की बेसिनपाशी त्याने एकदम कठडा धरला. मान खाली गेली. पाय जागचे हलले. मग तो हळूहळू, भिंतीला हात लावत परत आला आणि पलंगावर बसला. चेहरा कागदासारखा.

“काय झालं?”

“काही नाही.”

“चक्कर आली ना?”

“हळू बोल.”

“तुझ्या पोटात अन्न आहे. गोळी चढली तुला. सिस्टरना सांग.”

“सांगितलं की विचारतील, उपाशी माणसाला कशी चढली.”

“मग सांग खरं ते!”

“खरं सांगितलं की मी बाद.” तो ओठ न हलवता बोलत होता. “आजच्यापुरता नाही, कायमचा. परत बोलावत नाहीत. तुलाही काढतील. थोडं पडून राहिलो की उतरेल, मी ओळखतो स्वतःला.”

“ही गोळी तू ओळखतोस? तिला अजून डॉक्टर ओळखत नाहीत. म्हणून तर आपण इथे आहोत.”

“अगं, उस्ताद थांबणार नाहीत माझ्यासाठी.”

“आणि तू पडलास तर? डोकं आपटलं तर?”

“नाही पडणार. तू फक्त गप्प बस. एवढं कर माझ्यासाठी... प्लीज.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम आला होता. इतक्या दिवसांत तिने त्याला पहिल्यांदाच काहीतरी मागताना पाहिलं होतं, आणि तेच नेमकं तिला देता येणार नव्हतं.

“नाही जमणार,” ती म्हणाली, आणि उशाशी असलेली घंटा दाबली.

“काय केलंस हे!” तो म्हणाला. मग डोळे मिटून घेतले.

डॉक्टर बाई आल्या. रक्तदाब घेतला, तो खूप खाली गेला होता. त्याला सपाट झोपवलं, पायांखाली उशा घातल्या, सलाईन लावलं. धावपळ अशी कुणी केली नाही. सगळं भराभर आणि शांतपणे झालं. ते झाल्यावर डॉक्टर बाई तिच्याकडे आल्या आणि पडदा ओढला.

तिने सांगितलं. तिने ब्रेड दिला. तो नको नको म्हणत होता. तिने बळेच त्याच्या हातात कोंबला. त्याची काही चूक नाही.

डॉक्टर बाई पडद्यापलीकडे गेल्या. तिकडून त्याचा आवाज आला, क्षीण पण स्पष्ट. तिचं लक्ष खिडकीकडे होतं. त्याने तिच्या ट्रेमधून ब्रेड उचलला. तिला कळलंसुद्धा नाही. तिची काही चूक नाही.

पडदा सर्रकन बाजूला झाला. डॉक्टर बाई दोघांच्या मधे उभ्या होत्या.

“एक ब्रेड,” त्या म्हणाल्या, “आणि गोष्टी दोन. एकीला कळलंच नाही, तरी तिने तो कोंबला. दुसरा नको म्हणत होता, तरी त्याने तो उचलला. हे बघा, मला गोष्ट नको. किती खाल्लं ते हवंय. औषध अजून किती चढेल ते मला त्यावरून ठरवायचंय.”

पलीकडे पैलवान आणि मास्तर छताचं निरीक्षण करत होते.

“तिने दिला,” लिफ्ट म्हणाला. “मी घेतला. सगळा खाल्ला.”

“नुसता ब्रेड?”

“आत अर्धं अंडं होतं.”

“लोणी?”

“भरपूर.”

डॉक्टर बाईंनी मान हलवली. “तुम्ही सातव्यांदा आलायत. नवीन लोकांना नियम तुम्ही समजावता, मी ऐकलंय. तुम्ही कसा काय घेतलात?”

“त्याला काही कारण नाही.”

“कारण नाही असं होत नाही.”

“आहे,” तो म्हणाला. “पण तुमच्या कामाचं नाही.”

डॉक्टर बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पुढे विचारलं नाही.

“तुम्हा दोघांचे आजचे आकडे बाद,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही दोघं स्टडीतून बाद. इथे परत बोलावणार नाही, तो नियम माझ्या हातात नाही. झालेल्या दिवसांचे पैसे मिळतील. रात्रभर दोघांवर लक्ष ठेवू, उद्या सकाळी घरी. पुढच्या आठवड्यात एकदा तपासायला यायचं.”

“त्याला नका ना काढू,” ती म्हणाली. “माझ्यामुळे झालं सगळं.”

“कुणामुळे झालं ते मी बघतच नाहीये. एक लक्षात घ्या. तुम्ही घंटा दाबली नसती, तर ही चक्कर मी उपाशीपोटीच्या खात्यात मांडली असती. रिकाम्या पोटी घेतली की चक्कर येते, असं. आणि उद्या अर्धशिशीने बेजार झालेली एखादी बाई, उलट्या होत असताना, गोळीसाठी बळेच खात बसली असती.” त्यांनी सलाईनचा वेग थोडा कमी केला. “चूक सांगितलीत, म्हणून ती चूक राहिली. नाहीतर ती माहिती झाली असती.”

सकाळी ती बाहेर आली तेव्हा रस्ता ओला होता आणि दुकानांची शटरं वर जात होती. इतके दिवस सगळे आतल्या एकाच छापाच्या कपड्यांत. तो फाटकापाशी स्वतःच्या शर्टात उभा होता आणि वेगळाच दिसत होता. चेहऱ्यावर रंग परत आला होता. दोन्ही कोपरांच्या आत कापसाच्या पट्ट्या.

ती जवळ जाऊन थांबली.

“बोलायचं नसेल तर जाते मी.”

“मी कुठे काय म्हणालो?”

“रागावलायस.”

“रात्री रागावलो होतो. खूप. मग सलाईन संपलं आणि डोकं ताळ्यावर आलं.” त्याने पायाने एक खडा बाजूला केला. “पडलो असतो मी. दुसऱ्यांदा उठलो असतो तर नक्की पडलो असतो.”

“आणि उस्ताद?”

“जाऊन सांगेन, अजून थोडं थांबा. थांबतील. किंवा नाही थांबणार. मग दुसऱ्याच्या वर्कशॉपात काम करीन, आत्ता करतोय तसंच.” ते तो हसून बोलला नाही, आणि तिलाही त्याने हसावं असं वाटलं नाही.

“मला एक सांग,” ती म्हणाली. “तुला इतकी भूक लागली होती, तर नुसतं...”

“भूक नव्हती.”

“काय?”

“सहा वेळा आलोय याआधी, उपास ठरलेलाच. मला सवय आहे. काल मला भूक नव्हतीच.”

“मग घेतलास कशाला?” तिचा आवाज चढला. रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. “सगळे नियम पाठ, भूक नाही, आणि तरी...”

“इथे मला आजवर जे काही मिळालं,” तो म्हणाला, “ते मोजून मिळालं. इतकं पाणी, इतके बटाटे, इतकं दूध... आणि ते संपवलं का, हे बघायला माणूस उभा. बाहेरही तसंच आहे म्हणा. तू हात पुढे केलास आणि... नुसतं दिलंस. मला कळत होतं की घेऊ नये. कळत असून घेतलं. डॉक्टरांना काय सांगणार होतो? की मला ही मुलगी आवडते, म्हणून मी तुमचा स्टडी खाल्ला?”

ती चष्मा काढून पुसायला लागली. चष्मा स्वच्छ होता.

“उपाशी माणसाची दया आली म्हणून तू दिलास, ते कळतंय मला,” तो घाईघाईने म्हणाला. “तू तशीच आहेस. तुला काही बोलायलाच हवं असं नाही. मी आपलं विचारलंस म्हणून...”

“अर्धा हॉल उपाशी होता,” ती म्हणाली.

“काय?”

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

“काल अर्धा हॉल उपाशी होता. मी ब्रेड एकालाच दिला.”